बुद्धवंदना : पाठ, अर्थ आणि विहारातील समाजजीवन

महाराष्ट्रातील शहरी वसाहतींत आणि खेड्यापाड्यांत बुद्धविहार ही आता परिचयाची वास्तू आहे. तेथे होणारी बुद्धवंदना मात्र बौद्धेतर समाजाला बहुधा केवळ कानावरून ओळखीची असते. पाली भाषेतील हा पाठ म्हणजे देवाची आळवणी नव्हे. आपल्या आचरणाविषयीचा निश्चय चारचौघांच्या साक्षीने पुन्हा उच्चारणे, हे त्याचे मूळ स्वरूप आहे. ते ध्यानात घेतल्याशिवाय विहाराभोवतीचे समाजजीवनही नीट उलगडत नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार देशातील बौद्धांची संख्या सुमारे ८४ लाख ४३ हजार होती. त्यांपैकी ६५ लाख ३१ हजार, म्हणजे तीन चतुर्थांशांहून अधिक, एकट्या महाराष्ट्रात होते. या लोकसंख्येचा फार मोठा भाग डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या धम्मक्रांतीशी जोडलेला आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. आंबेडकर आणि सविता आंबेडकर यांनी कुशीनगरचे महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून त्रिशरण व पंचशील ग्रहण केले. त्यानंतर डॉ. आंबेडकर यांनी स्वतः लाखोंच्या समुदायाला धम्मदीक्षा व २२ प्रतिज्ञा दिल्या. त्या दिवशी उच्चारलेले त्रिशरण व पंचशील आजही प्रत्येक वंदनेच्या आरंभी म्हटले जातात. त्या अर्थाने प्रत्येक वंदना ही दीक्षेची उजळणी असते.

वंदनेचा क्रम साधारणपणे ठरलेला आहे. बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती व अगरबत्ती लावली जाते, फुले वाहिली जातात. उपस्थित उपासक-उपासिका पंचांग प्रणाम करतात. प्रथम तथागतांना त्रिवार नमन, मग बुद्ध, धम्म आणि संघ या तिघांना शरण जाण्याचे त्रिशरण आणि त्यानंतर पंचशील, असा आरंभ होतो. त्रिशरण तीनदा म्हणण्याची प्रथा आहे. ‘दुतियम्पि’ म्हणजे दुसऱ्यांदाही आणि ‘ततियम्पि’ म्हणजे तिसऱ्यांदाही. पुढे पुष्पपूजेची गाथा येते. वाहिलेले फूल जसे कोमेजते तसाच आपला देहही नाशवंत आहे, असा तिचा आशय आहे. त्यानंतरच्या त्रिरत्न वंदनेत बुद्धाचे नऊ, धम्माचे सहा आणि संघाचे नऊ गुण स्मरले जातात. प्रसंगानुसार महामंगल सुत्त, रतन सुत्त किंवा करणीय मेत्त सुत्त यांचे पठण होते आणि ‘साधु’ या शब्दाच्या त्रिवार उच्चाराने सांगता होते.

या पाठाचे मर्म पंचशीलाच्या व्याकरणात आहे. हिंसा, चोरी, व्यभिचार, असत्य भाषण आणि मादक पदार्थांचे सेवन यांपासून दूर राहण्याची ही पाच शीले आहेत. परंतु त्यांत ‘असे करू नकोस’ अशी आज्ञा कोठेही नाही. प्रत्येक शीलाचा शेवट ‘समादियामि’ या प्रथमपुरुषी क्रियापदाने होतो. मी ग्रहण करतो किंवा मी ग्रहण करते, हा त्याचा अर्थ. ‘वेरमणी’ म्हणजे विरती आणि ‘सिक्खापद’ म्हणजे शिक्षापद, शिकण्याची पायरी. ज्याने आज्ञा मोडली तो अपराधी ठरतो; ज्याची पायरी चुकली त्याला पुन्हा चढता येते. म्हणूनच पंचशील एकदाच घेऊन भागत नाही, ते वारंवार घेतले जाते.

महामंगल सुत्ताचेही असेच आहे. मंगल कशाला म्हणावे, या प्रश्नाला तेथे ३८ उत्तरे दिली आहेत. मूर्खांची संगत टाळणे, आईवडिलांची सेवा करणे, पत्नी व मुलांचा सांभाळ करणे, दोषरहित काम करणे, वेळोवेळी धम्मश्रवण करणे अशा गोष्टींचा त्यांत समावेश आहे. मुहूर्त, शकुन किंवा ग्रहदशा यांना त्यांत स्थान नाही. श्रीलंका, म्यानमार आदी देशांत अशा सुत्तांचे पठण संकटनिवारणासाठी परित्राणपाठ म्हणूनही केले जाते. महाराष्ट्रातही गृहप्रवेशासारख्या प्रसंगी परित्राणपाठ होतो. तथापि आंबेडकरी बौद्धांमध्ये अर्थ आणि आचरण यांवर विशेष भर दिला जातो.

महाराष्ट्राच्या संदर्भात या पठणाला आणखी एक पदर आहे. धर्मग्रंथांची भाषा शिकण्याचा आणि उच्चारण्याचा अधिकार ज्या समाजाला शतकानुशतके नाकारला गेला, त्याच समाजाच्या मुखी आज पाली गाथा आहेत. शालेय वयात डॉ. आंबेडकर यांना संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्यतेमुळे ते नाकारले गेल्याने त्यांना फारसी भाषा घ्यावी लागली. पुढे स्वप्रयत्नाने त्यांनी संस्कृत आत्मसात केली आणि आयुष्याच्या उत्तरकाळात पालीचा ध्यास घेतला. पालीचे व्याकरण आणि शब्दकोश यांवर त्यांनी काम केले. सामान्य उपासकांसाठी ‘बौद्ध पूजापाठ’ ही पुस्तिकाही सिद्ध केली. महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेल्या त्यांच्या लेखन व भाषणांच्या सोळाव्या खंडात हे साहित्य समाविष्ट आहे.

वंदना कोणी सांगावी, याचे उत्तरही याच पार्श्वभूमीतून आले आहे. या कामावर जन्माने कोणाचाही हक्क नाही. भिक्खू उपस्थित असल्यास ते त्रिशरण-पंचशील देतात. एरवी ज्याला पाठ येतो असा कोणीही उपासक किंवा उपासिका वंदना घेऊ शकते. डॉ. आंबेडकर यांनी १९५५ मध्ये स्थापन केलेल्या भारतीय बौद्ध महासभेने यासाठी बौद्धाचार्यांची परंपरा उभी केली. हे गृहस्थाश्रमी प्रशिक्षित उपासक असतात. नामकरण, विवाह, गृहप्रवेश, अंत्यविधी आणि पुण्यानुमोदन हे संस्कार ते पार पाडतात. या सर्व प्रसंगी त्रिशरण आणि पंचशील असतेच. पाळण्यापासून स्मशानापर्यंत तेच शब्द सोबत असल्यामुळे वंदना घरोघरी मुखोद्गत झाली आहे.

विहाराचे वार्षिक वेळापत्रक पौर्णिमांभोवती फिरते. वैशाख पौर्णिमेला बुद्धजयंती साजरी होते. अनेक ठिकाणी खीरदान केले जाते. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतच्या तीन महिन्यांत वर्षावास असतो. पावसाळ्यात भिक्खूंनी एका जागी राहावे, या प्राचीन नियमातून तो आला. महाराष्ट्रातील विहारांत या काळात डॉ. आंबेडकर यांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे क्रमशः वाचन करण्याची प्रथा रूढ झाली आहे. शुभ्र वस्त्रे परिधान केलेल्या उपासिका या वाचनाला मोठ्या संख्येने येतात. येथे पाली वंदनेनंतर मराठी ग्रंथ उघडला जातो आणि पठणाला विवेचनाची जोड मिळते.

अशा नियमित भेटींतून विहार हा केवळ उपासनेचा कोपरा राहत नाही. अनेक विहारांत वाचनालये आणि विद्यार्थ्यांसाठी अभ्यासिका चालतात, बालसंस्कार वर्ग भरतात. ज्या वस्तीत एका खोलीत पाच-सहा जणांचे कुटुंब राहते, तेथील मुलाला विहाराची अभ्यासिका हीच शांत जागा असते. पंचशीलातील पाचवे शील व्यसनमुक्तीच्या प्रयत्नांना आधार देते, तर कोणाच्या घरी मृत्यू झाल्यास वंदनेसाठी जमणारे शेजारीच पुढची धावपळ सांभाळतात.

महाराष्ट्राबाहेरही अशा सामूहिक जीवनाचा एक जुना दाखला आहे. चेन्नई म्हणजे तत्कालीन मद्रास येथे पंडित अयोथीदास यांनी १८९८ मध्ये श्रीलंकेत पंचशील ग्रहण करून शाक्य बौद्ध संघ स्थापन केला. जातिव्यवस्थेने नाडलेल्या तमिळ समाजाला त्यांनी बौद्ध वारशाची ओळख करून दिली आणि १९०७ पासून तमिळ साप्ताहिक चालविले. याच चळवळीतील प्राध्यापक पी. लक्ष्मी नरसू यांचा बौद्ध धर्मावरील इंग्रजी ग्रंथही १९०७ मध्ये प्रकाशित झाला. १९४८ मधील त्याच्या तिसऱ्या आवृत्तीला डॉ. आंबेडकर यांची प्रस्तावना आहे. नागपूरच्या दीक्षेच्या अर्धशतक आधी मद्रासमध्येही पंचशील हे समतेच्या आकांक्षेशी जोडले गेले होते, हे यावरून दिसते.

आता प्रश्न पुढच्या पिढीचा आहे. लहान मुले संपूर्ण वंदना अस्खलित म्हणतात. पण ‘वेरमणी’ म्हणजे काय, असे विचारल्यास अनेकांना उत्तर देता येत नाही. अर्थाविना केलेले पठण कर्मकांडाकडे झुकते आणि कर्मकांडाला नकार हा तर २२ प्रतिज्ञांचा गाभा आहे. दीक्षेच्या वेळी या प्रतिज्ञा मराठीतून दिल्या गेल्या होत्या, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. प्रत्येक शीलानंतर त्याचा मराठी अर्थ सांगणे, हा त्यावरचा साधा उपाय आहे.

मराठी माणसाला हा अर्थ फार दूरचाही नाही. पालीत ‘श’ आणि ‘ष’ नसल्याने शरण हे ‘सरण’ होते, धर्म हा ‘धम्म’ आणि शिक्षा ही ‘सिक्खा’ होते. एवढे उच्चारभेद समजले की, कितीतरी शब्द ओळखीचे वाटू लागतात. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठी आणि पाली या दोन्ही भाषांना एकाच वेळी अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मान्यता दिली. त्यामुळे पालीच्या अध्ययनाला बळ मिळण्याची अपेक्षा आहे. मात्र पालीचा खरा लोकाश्रय विद्यापीठांइतकाच गल्लीतल्या विहारात आहे. तेथे पाठाबरोबर अर्थही शिकविला गेला, तर ‘समादियामि’ म्हणणाऱ्या मुलाला आपण कोणता शब्द देत आहोत, हे ठाऊक असेल.