चालतेय ना, मग झालं!

‘‘अगं, विकून टाक ना तो ट्रक! हप्त्यावर एखादी क्यूटशी हॅचबॅक घे.’’

कोथरूडच्या कुठल्याही कॅफेबाहेर पार्किंगसाठी मी तिसरी चक्कर मारायला लागले, की शेजारच्या सीटवरून हे वाक्य येतंच. माझा ‘ट्रक’ म्हणजे २००९ ची स्कॉर्पिओ. रंग काळा, म्हणजे एके काळी काळा. मीटरवर एक लाख अडतीस हजार किलोमीटर. बाबांनी घेतली तेव्हा मी शाळेत होते. २०२१ मध्ये त्यांच्या गुडघ्यांनी क्लचशी भांडण काढलं, त्यांनी छोटी ऑटोमॅटिक घेतली आणि ही माझ्याकडे आली. सोबत एक शंभर पानी वहीपण आली. ती मी ग्लव्ह बॉक्समध्ये टाकली आणि विसरून गेले.

विकत का नाही? कारण मी फ्रीलान्सर आहे. माझे चेक कधी येतील ते एडिटरलाही माहीत नसतं, तिथे दर महिन्याचा हप्ता कुठून भरू? शिवाय एकदा उंच बसायची सवय लागली की खालच्या गाडीत बसणं म्हणजे जमिनीवर पाट मांडून जेवल्यासारखं वाटतं. (हे बाबांचं वाक्य. पण पटतं.)

तर माझं मेंटेनन्सचं धोरण अगदी सोपं होतं. चालतेय ना, मग झालं! दर रविवारी बाबांचा फोन. ‘‘कूलंट बघितलंस का? हवा? ब्रेक ऑइल?’’ मी अंथरुणातूनच ‘‘हो बाबा.’’ माझं गणित असं होतं, की सर्व्हिसिंग दहा हजार किलोमीटरला करायचं. माझी गाडी वर्षाला कशीबशी चार हजार चालते. म्हणजे अडीच वर्षं निवांत! २०२४ मध्ये गाडीला पंधरा वर्षं झाली, तेव्हा आरटीओत नेऊन पुढच्या पाच वर्षांसाठी नोंदणीही वाढवून घेतली. या कामाची फी एप्रिल २०२२ पासून ६०० वरून थेट ५,००० रुपये झाली आहे, पर्यावरण कर वेगळा. एवढे पैसे मोजल्यावर मला तर गाडीला फिटनेसचं मेडल मिळाल्यासारखंच वाटलं.

आणि मग आला ताम्हिणी.

फेब्रुवारी २०२५. आई, मावशी आणि मी, श्रीवर्धनला निघालो होतो. मुळशी मागे टाकलं, घाट सुरू झाला. मागे मावशीची अखंड कॉमेंट्री, पुढे मी चौथ्या गिअरमध्ये उताराला आणि उजवा पाय सतत ब्रेकवर. जळका वास आला. आई म्हणाली, ‘‘कुणीतरी पाला जाळतंय.’’ मीही तेच समजले. पुढच्या वळणाला ब्रेक दाबला, तर पेडल नुसतं मऊ. ओल्या स्पंजवर पाय दिल्यासारखं खाली गेलं. गाडी कमी होईना.

त्या दहा-पंधरा सेकंदांचं वर्णन मला नीट करता येत नाही. पेडल भराभरा पंप केलं, तिसरा गिअर, मग दुसरा. इंजिन किंचाळलं. हँडब्रेक एकदम नाही, थोडा थोडा ओढला. हे मला बाबांनी शिकवलं होतं आणि मी कंटाळत ऐकलं होतं. डोंगराच्या बाजूला जरा रुंद जागा होती तिथे गाडी थांबली. मावशीची कॉमेंट्री बंद. आईने फक्त विचारलं, ‘‘थांबलो ना आपण?’’

फोनला रेंज नव्हती. एका भाजीच्या टेम्पोवाल्याने मला विळ्यापर्यंत सोडलं, तिथून माणगावच्या एका मेकॅनिकला फोन लागला. तो बाइकवरून आला, तोपर्यंत दीड तास गेलेला. आणि गंमत बघा, ब्रेक पुन्हा कडक! मी म्हटलं, ‘‘झालं बहुतेक ठीक, जाऊ का हळूहळू?’’ तो माझ्याकडे बघून हसलाही नाही. ‘‘ताई, गार झालं म्हणून लागतोय. पुढच्या उताराला परत जाईल.’’ त्याने चाकाजवळचा निप्पल सैल केला, मला पेडल मारायला बसवलं आणि जुनं ऑइल बाटलीत काढलं. नवं ब्रेक ऑइल मधासारखं असतं. माझ्या गाडीतून निघालं ते उकळून उकळून काळा झालेला चहा.

तो काम करत असताना गाडीचे कागद शोधायला मी ग्लव्ह बॉक्स उघडला आणि वही हातात आली. बाबांचं ते टपोरं अक्षर. तारीख, किलोमीटर, काय केलं, किती पैसे. ‘ब्रेक ऑइल बदलले’ ही नोंद दर दोन वर्षांनी. शेवटची, नोव्हेंबर २०१९. त्यानंतर २०२१ पर्यंत बाकीच्या चार-पाच ओळी. मग कोरी पानं. माझी पानं.

दोष गाडीचा नव्हता, हे सांगायला नको.

पाणी कुठून आलं?

घरी आल्यावर मी वाचायला बसले. ब्रेक ऑइलला आपण ऑइल म्हणतो, पण ते तेल नाहीच. ते ग्लायकॉल जातीचं द्रव आहे आणि हवेतली ओल शोषून घेणं हा त्याचा स्वभाव. गाडी चालो अथवा पार्किंगमध्ये झोपो, ओल शिरतच राहते. नवं कोरं डॉट ४ ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात साधारण पावणेचार टक्के पाणी मिसळलं, की हीच हमी १५५ अंशांवर येते. डॉट ३ चे आकडे २०५ आणि १४०. घाटात सतत ब्रेक दाबला की डिस्क भयंकर तापतात, ऑइल उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, म्हणून ब्रेक लागतो. वाफ दाबली जाते, म्हणून पेडल नुसतंच खाली जातं. गार झालं की वाफेचं पुन्हा पाणी. आरटीओत ब्रेक उत्तम लागले होते, कारण तिथे ते गारच होते!

म्हणजे माझं किलोमीटरचं गणितच चुकलं होतं. जुन्या आणि कमी चालणाऱ्या गाडीचं मेंटेनन्स मीटरवर नाही, कॅलेंडरवर चालतं. रबर, ऑइल, कूलंट, बॅटरी ही मंडळी वाढदिवस मोजतात, अंतर नाही.

मग एस्टिमेट. एका चकाचक वर्कशॉपमध्ये एसीत बसवून कॉफी दिली आणि बासष्ट हजारांचा कागद हातात ठेवला. त्यात इंजिन ‘डिटॉक्स’ आणि अंडरबॉडीचं कसलंसं ‘पॅकेज’ होतं, पण डिफरन्शियल ऑइल नव्हतं. स्कॉर्पिओची ताकद मागच्या चाकांना जाते, त्यामुळे मागच्या अ‍ॅक्सलमधलं हे ऑइल आणि तिथवर जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस या दोन्हींकडे बघावं लागतं. हे मी विचारलं तर समोरचा मुलगा म्हणाला, ‘‘मॅडम, सरांना घेऊन येता का?’’ कॉफी अर्धी ठेवून मी उठले.

बाबांच्या जुन्या गॅरेजवाल्या काकांनी वही मागितली. चष्मा लावून शांतपणे वाचली. ‘‘एकदम सगळं नको. थांबवणारं आधी, पळवणारं नंतर.’’ पहिल्या महिन्यात ब्रेक. पुढचे पॅड, मागच्या ड्रमचं अ‍ॅडजस्टमेंट आणि जुने होज. दुसऱ्यात कूलंट आणि रेडिएटरचे पाइप. मी मध्ये दोनदा बिसलेरीचं पाणी ओतलं होतं हे ऐकून ते बराच वेळ काही बोलले नाहीत. नळाचं असो की बाटलीचं, त्यातल्या क्षारांचा थर आत बसतो आणि कूलंट पातळ होऊन गंज धरतो तो वेगळाच. टॉप-अप करायचा तो त्याच प्रकारच्या कूलंटने, आणि झाकण इंजिन पूर्ण गार झाल्यावरच उघडायचं. तिसऱ्या महिन्यात, पावसाळ्यापूर्वी, डिफरन्शियल ऑइल, क्रॉसचं ग्रीसिंग आणि डिझेल फिल्टर. डिझेलमधलं पाणी फिल्टरच्या तळाशी साठतं, तिथून ते काढून टाकता येतं. चार वर्षं गाडी चालवून मला हे ठाऊक नव्हतं. तिन्ही महिने मिळून एकवीस हजार. दोन आर्टिकल्स आणि एका ब्रोशरच्या अनुवादाचे पैसे.

टायरचा किस्सा वेगळाच. नक्षी छान शिल्लक होती, त्यामुळे मी निर्धास्त. काकांनी बाजूच्या भिंतीवरचे चार आकडे दाखवले, ३२१७. म्हणजे २०१७ सालातला बत्तिसावा आठवडा. तो टायरचा जन्म. हात फिरवला तर केसासारख्या बारीक चिरा. दोन टायर ताबडतोब घेतले, दोन पुढच्या महिन्यात. नवे दोन मागे लावले, कारण ओल्या रस्त्यावर मागची चाकं सुटली की गाडी गरकन फिरते.

आता पहिल्या रविवारी मी दहा मिनिटं खाली पार्किंगमध्ये असते. गार इंजिनवर डिपस्टिक, कूलंटची लेव्हल, ब्रेक ऑइलचा रंग, हवा. हातात पोछा बघून सोसायटीतले एक आजोबा रोज ड्रायव्हर सुट्टीवर आहे का विचारतात. घाटात मात्र ज्या गिअरमध्ये चढायचं त्याच गिअरमध्ये उतरते. मागच्याने हॉर्न वाजवला तर वाजवू दे. आईही आता पुढेच बसते आणि वास आला की पाल्यावर ढकलत नाही.

गेल्या महिन्यात बाबा राहायला आले. चहा घेता घेता त्यांनी वही मागितली. माझी तीन भरलेली पानं हळूहळू वाचली. एक किलोमीटरचा आकडा पेनने सुधारला. मी वाट बघत होते, आता काहीतरी म्हणतील.

‘‘स्टेपनीची तारीख लिहिली नाहीस.’’

स्कॉर्पिओची स्टेपनी मागे गाडीच्या पोटाखाली टांगलेली असते. मी टॉर्च घेतला आणि खाली जाऊन फरशीवर आडवी झाले. धूळ पुसली. १११२.