सोयाबीनची गाठ कापून पाहा

परवा एका औद्योगिक वसाहतीच्या नाल्याकाठचं सोयाबीन पाहिलं. बियाण्याला जिवाणू संवर्धन लावलेलं, तरी पानं पिवळी. झाड उपटलं तर मुळांवर गाठी बारीक, आतून पांढरट-हिरवट.

चांगली गाठ आतून गुलाबी-लाल असते. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा चुलतभाऊच! तो दिसला की समजायचं, गाठीतला ब्रॅडीरायझोबियम हा जिवाणू हवेतला नत्र बांधतोय.

अशा नाल्याकाठी शंका येते ती धातूंची. कॅडमियम, जस्त, तांबं जमिनीत फार झालं की जिवाणू घटतात. शिवाय मूळकेस खुरटतात, आणि जिवाणू आत शिरतो तो तिथूनच. गंमत म्हणजे नत्र बांधायला त्यालाही लोह आणि मॉलिब्डेनम हे धातूच लागतात.

इंग्लंडमधल्या वोबर्नला १९४२ ते १९६१ शेतात सांडपाण्याचा धातूयुक्त गाळ टाकला. वीसेक वर्षांनंतरही तिथल्या क्लोव्हरच्या गाठींतले जिवाणू नत्र बांधत नव्हते.

नुसत्या गाठीवरून धातूंवर खापर फोडू नका, आधी माती तपासा. आम्ल जमिनीत चुन्याने धातूंची विद्राव्यता घटते. आपल्या काळ्या, चुनखडीयुक्त रानात मात्र चुना नको.

गाठी सुधारल्या तरी दाणे तपासाच. सोयाबीन कॅडमियम दाण्यात साठवतं.

तुमच्या रानातल्या गाठी आतून कशा आहेत? फोटो टाका, काही शंका असेल तर बिनधास्त विचारा.