एकसंध इंजिनाची अग्निपरीक्षा

पंप मारून पेटवायचा पितळी स्टोव्ह ज्यांनी वापरला आहे, त्यांना त्याची तऱ्हा ठाऊक असेल. टाकीतले रॉकेल तापलेल्या बर्नरच्या नळ्यांतून वर चढते, त्याची वाफ होते आणि बारीक छिद्रातून बाहेर पडून ती निळ्या ज्योतीने जळू लागते. छिद्रात काजळी अडकली की पिन मारायची. नाहीतर स्टोव्ह भडकलाच म्हणून समजा.

द्रव इंधनावर चालणारे रॉकेटचे इंजिन म्हणजे याच स्टोव्हचे दांडगे भावंड. ३० मे २०२४ रोजी सकाळी सव्वासात वाजता श्रीहरिकोटा येथून ‘अग्निबाण’ नावाचे सुमारे सहा मीटर उंचीचे रॉकेट उडाले. त्याच्या इंजिनात विमानात वापरतात तसे शुद्ध केलेले रॉकेलच जळत होते. त्याला जोड होती द्रवरूप ऑक्सिजनची, जो उणे १८३ अंश सेल्सिअसइतका थंड ठेवावा लागतो. अशा इंजिनाला ‘सेमी-क्रायोजेनिक’ म्हणतात. भारतात अशा इंजिनाचे ते पहिलेच उड्डाण. आणि विशेष म्हणजे हे इंजिन सुटे भाग जोडून बनवलेले नव्हते, तर सबंध एकाच तुकड्यात ‘छापलेले’ होते!

छापणे म्हणजे काय? धातूच्या पिठासारख्या बारीक भुकटीचा पातळ थर पसरायचा. संगणकातील आराखड्याप्रमाणे लेसरने हवा तेवढाच भाग वितळवून घट्ट करायचा. मग त्यावर दुसरा थर, तिसरा थर... असे हजारो थर. कापून, कातून नव्हे, तर भर घालत वस्तू घडते. इंजिनाच्या भिंतीच्या आतून थंडाव्यासाठी जाणारे नागमोडी मार्गसुद्धा त्यातच तयार होतात. जोड नाहीत, म्हणून गळतीची भीती कमी. आठवडेच्या आठवडे चालणारे काम काही दिवसांवर येते.

मात्र यात एक मेख आहे. जोडकामाच्या इंजिनात एखादा भाग सदोष निघाला तर तो बदलता येतो. एकसंध इंजिनात आत कुठे पोकळी राहिली किंवा भुकटी अडकली, तर सगळेच बाद. इथे पिन मारायची सोय नाही.

हे इंजिन बनवणाऱ्या ‘अग्निकुल’ कंपनीचे मूळ चेन्नईच्या आयआयटी मद्रासमध्ये आहे. तिथे केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने राष्ट्रीय ज्वलन संशोधन केंद्र उभे राहिले. एरोस्पेस विभागातील प्राध्यापक सत्यनारायणन चक्रवर्ती यांचा हयातभराचा विषय म्हणजे ज्वाळा. बंदिस्त जागेत ज्वाळा आणि आवाज एकमेकांना चेतवू लागतात. दाबाच्या लाटा वाढत जातात आणि त्यातून धडधाकट इंजिनाच्याही पाहता पाहता चिंधड्या उडू शकतात. छपाईचे यंत्र पैसे मोजून आणता येते. ज्वाळेचा स्वभाव ओळखण्याचे ज्ञान मात्र प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे जाळपोळ केल्याशिवाय येत नाही, आणि ती करू देणारी जागा विद्यापीठाखेरीज दुसरी कोणती?

श्रीनाथ रविचंद्रन हे अमेरिकेत वित्तक्षेत्रात होते. ते सोडून त्यांनी एरोस्पेसचे शिक्षण घेतले आणि मायदेशी परतले. २०१७ साली मोईन एस. पी. एम. आणि प्रा. चक्रवर्ती यांच्यासह त्यांनी कंपनी काढली. त्या वेळी खासगी कंपनीला भारतातून रॉकेट सोडण्याची मुभाच नव्हती! हे क्षेत्र खुले करण्याचा सरकारी निर्णय आला २०२० मध्ये. मधली तीन वर्षे केवळ भरवशावर काढणे कुणाच्याही घरच्यांना परवडणारे नव्हे. आयआयटीच्या आवारातील प्रयोगशाळा आणि तिथली माणसे हाताशी होती, म्हणून ते निभावले असावे.

४ नोव्हेंबर २०२२ रोजी तिरुवनंतपुरमजवळ थुंबा येथे इस्रोच्या चाचणीकेंद्रात हे इंजिन १५ सेकंद पेटवून पाहण्यात आले. उड्डाण मात्र २०२४ मध्ये एकदा नव्हे, चारदा पुढे ढकलावे लागले. चौथ्यांदा तर अवघे दोन दिवस आधी. रॉकेट तळावर उभे, डोळे पडद्यावर आणि ऐनवेळी ‘थांबा’ असा आदेश. तो आदेश देण्याचे धैर्य उड्डाणाच्या धैर्याहून कमी नसते.

इस्रोही याच वाटेवर आहे. पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याचे छापील इंजिन ९ मे २०२४ रोजी ६६५ सेकंद चालवण्यात आले. पूर्वी त्याचे १४ भाग होते, आता एकच. १९ ठिकाणचे वेल्डिंग वाचले. ५६५ किलो धातूच्या जागी १३.७ किलो भुकटी पुरली!

अग्निबाणाचे ते पहिले उड्डाण कक्षेत जाण्यासाठी नव्हते आणि त्यात इंजिनही एकच होते. उपग्रह कक्षेत न्यायचा तर पहिल्याच टप्प्यात अशी अनेक इंजिने एकदम पेटून सारख्या जोमाने जळावी लागतात. शेजारीशेजारी ठेवलेले दोन स्टोव्हसुद्धा सारखे जळत नाहीत, हे घरोघरी ठाऊक आहे.