घर सोडताना अनामत रक्कम : हक्क आणि हिशेब

बदलीचा हुकूम हाती पडलेला असतो, मुलांच्या परीक्षा आटोपलेल्या असतात, सामानाने भरलेला टेम्पो दाराशी उभा असतो, आणि नेमक्या त्याच वेळी घरमालक सांगतात, "अनामतीचे पुढच्या महिन्यात पाहू." नव्या गावी घर घ्यावयाचे तर तेथेही अनामत भरावी लागते आणि ती याच पैशातून द्यावयाची असते. पुढचा महिना उजाडतो, मग त्याच्या पुढचा. कधी रंगरंगोटीचा खर्च पुढे केला जातो, कधी नवा भाडेकरू मिळाला नसल्याची सबब सांगितली जाते. मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर अशा शहरांत भाड्याने राहणाऱ्या अनेक कुटुंबांना हा अनुभव येतो. मध्यमवर्गीय कुटुंबाची कित्येक महिन्यांची बचत या एका रकमेत अडकलेली असते. म्हणून तिच्याविषयीचे नियम प्रत्येकाने समजून घेणे अगत्याचे आहे.

अनामत म्हणजे काय?

अनामत ही भाडेकरूचीच रक्कम होय. भाडे थकल्यास किंवा घराचे नुकसान झाल्यास भरपाईची सोय असावी, एवढ्यासाठीच ती मालकाकडे ठेवलेली असते. पागडीहून ती सर्वस्वी वेगळी आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने पागडी घेणे बेकायदा ठरविले होते, तरी ती व्यवहारात चालूच राहिली. पुढे त्या कायद्यात दुरुस्ती होऊन १ फेब्रुवारी १९७३ रोजी परवान्याने राहत असलेल्यांना भाडेकरूचे संरक्षण मिळाले. आपले घर कायमचे अडकेल या भीतीने अनेक मालक त्यानंतर घर भाड्याने देण्यास कचरू लागले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. मुदत संपताच परवान्याने दिलेले घर लवकर परत मिळण्याची सोय त्यात असल्याने 'लिव्ह अँड लायसन्स' पद्धतीचे करार सर्वत्र रूढ झाले. अशा करारात राहणाऱ्यास केवळ राहण्याचा परवाना मिळतो. तरीही सोयीसाठी या लेखात त्याला भाडेकरूच म्हटले आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेणे जरूर आहे. अनामत किती घ्यावी आणि किती दिवसांत परत करावी, याची मर्यादा १९९९ च्या अधिनियमात घालून दिलेली नाही. केंद्र सरकारने २०२१ मध्ये तयार केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्यात निवासी घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याइतकीच अनामत घ्यावी आणि घराचा ताबा परत घेताना ती देणी वजा करून द्यावी, अशी तरतूद आहे. तथापि तो नमुना आहे. जे राज्य तसा कायदा करील तेथेच तो लागू होतो. म्हणून आपल्याकडे भाडेकरूचा खरा आधार म्हणजे त्याचा लेखी करार. अनामत परत मिळणार की नाही हे पुष्कळदा घर सोडण्याच्या दिवशी नव्हे, तर घरात पाऊल टाकण्याच्या दिवशीच ठरलेले असते.

कराराची नोंदणी

१९९९ च्या अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे असा करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शिवाय करार नोंदविलेला नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, ते चुकीचे असल्याचे सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य मानले जाते. केवळ नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे.

मुद्रांक शुल्क वाचविण्यासाठी करारात अनामत कमी दाखवावी आणि उरलेली रोख द्यावी, असा सल्ला कधीकधी दिला जातो. तो घातक आहे. परत करावयाच्या अनामतीवर वर्षाला दहा टक्के व्याज गृहीत धरून त्यावर पाव टक्का शुल्क आकारले जाते. पन्नास हजारांची अनामत लपविली, तर वर्षाच्या हिशेबाने वाचतात अवघे साडेबारा रुपये. आणि पन्नास हजारांचा पुरावा मात्र कायमचा नाहीसा होतो. पूर्ण रक्कम धनादेशाने किंवा बँकेमार्फत द्यावी व करारात तिचा तपशील नमूद करावा.

करारात आणखी तीन गोष्टी असाव्यात : अनामत कोणत्या दिवशी परत करावयाची, कोणत्या बाबी वजा करता येतील आणि विलंब झाल्यास व्याज किती. घरात प्रवेश करताना भिंती, नळ, दिवे, पंखे, खिडक्यांच्या काचा यांची यादी करून उभयतांनी सह्या कराव्यात आणि छायाचित्रे काढून ठेवावीत.

वजावट कशाची?

थकलेले भाडे, वीज व पाण्याची देणी आणि भाडेकरूच्या हातून झालेले नुकसान एवढेच सामान्यतः वजा होऊ शकते. रोजच्या वापराने होणारी झीज हे नुकसान नव्हे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ मध्येही, भाडेपट्टेदाराने घर पूर्वस्थितीत परत करताना वाजवी झीज वगळली जाते, हे तत्त्व मान्य केलेले आहे. भिंतीचा रंग काळानुसार फिका पडणारच. रंगकामाचा खर्च भाडेकरूने द्यावा असे करारात लिहिले असेल, तर गोष्ट वेगळी. म्हणून सही करण्यापूर्वी ते कलम अवश्य वाचावे.

समजा, अनामत साठ हजार रुपये आहे. विजेचे अखेरचे देयक १,८४० रुपये आणि फुटलेल्या बेसिनचा खर्च २,२०० रुपये. तर ५५,९६० रुपये परत मिळाले पाहिजेत. प्रत्येक वजावटीचे देयक किंवा पावती मागणे यात संकोचाचे कारण नाही.

किल्ली आधी की पैसे आधी?

हा सर्वांत नाजूक प्रश्न होय. पैसे मिळेपर्यंत घर सोडणार नाही, असा पवित्रा काही जण घेतात. परंतु मुदत संपल्यावरही ताबा न सोडणाऱ्या परवानाधारकाला, कलम २४ प्रमाणे, ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागू शकते. अनामत न मिळाल्यास विनाशुल्क राहता येईल, अशी अट करारातच असेल तर भाडेकरूची बाजू बळकट होते. ती नसेल, तर हट्टाने राहणे धोक्याचे. शेवटच्या दोन महिन्यांचे भाडे अनामतीतून वळते करावयाचे असेल, तर मालकाची लेखी संमती घ्यावी.

सुरक्षित मार्ग असा : करारातील मुदतीप्रमाणे लेखी सूचना द्यावी. अखेरच्या दिवशी मीटरचे आकडे टिपावेत, पहिल्या दिवसाची यादी पुन्हा ताडून पाहावी, हिशेब कागदावर मांडावा आणि किल्ली व रक्कम यांची देवघेव एकाच बैठकीत करावी. रक्कम मिळाली नाही तरी किल्ली दिल्याची सही-तारखेसह पावती अवश्य घ्यावी.

रक्कम अडकल्यास

प्रथम पोचपावतीसह स्पीड पोस्टाने मागणीपत्र पाठवावे. त्यात रक्कम, मुदत आणि व्याजाची मागणी स्पष्ट लिहावी. व्याज अधिनियम, १९७८ नुसार, व्याज मागितल्याची लेखी सूचना दिलेली असेल तर न्यायालय व्याज देवविताना तिचा विचार करते. हा वाद सामान्यतः दिवाणी स्वरूपाचा असल्याने पोलीस ठाण्यात खेटे घालून फारसे साधत नाही. रक्कम देय झाल्यापासून साधारणपणे तीन वर्षांच्या आत दावा दाखल करावा लागतो.

दाव्यापूर्वी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करून प्रकरण लोकअदालतीपुढे नेता येते. तेथे झालेल्या तडजोडीला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते. महिला, अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेविषयक साहाय्य मिळते. इतरांनाही ठरावीक उत्पन्नमर्यादेत ते मिळू शकते.

प्रामाणिक मालकालाही या पद्धतीचा लाभच आहे. कारण नुकसान झाले असेल तर तीच यादी त्याच्या उपयोगी पडते. घरमालक आणि भाडेकरू यांचे नाते विश्वासाचे असावे, हे खरे. पण कागदावर चोख हिशेब असला म्हणजे तो विश्वास टिकतो, आणि निरोप घेताना उभयतांच्या मनात कटुता राहत नाही.