संधिवाती हृदयविकार

संधिवाती हृदयविकार हा हृदयाच्या झडपांना कायमची इजा करणारा आजार आहे. 'रुमॅटिक हार्ट डिसीज' या नावानेही तो ओळखला जातो. बालपणी किंवा किशोरवयात येणाऱ्या संधिवाती ज्वराचा तो उत्तरपरिणाम असतो, आणि त्या ज्वराचे मूळ घशाच्या एका साध्या जंतुसंसर्गात असते. नावात 'संधिवात' असला तरी उतारवयातील सांधेदुखीशी या आजाराचा संबंध नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५.५ कोटी लोकांना हा विकार असून त्यामुळे दरवर्षी सुमारे ३.६ लाख मृत्यू होतात. दाटीवाटीची वस्ती आणि वैद्यकीय सेवेचा अभाव जेथे आहे, तेथे हा आजार अधिक आढळतो. घशाच्या संसर्गावर वेळीच उपचार झाल्यास तो टाळता येतो. त्यामुळे प्रौढांना होणाऱ्या हृदयविकाराच्या झटक्याहून त्याचे स्वरूप वेगळे आहे.

हृदयाची रचना व झडपांचे कार्य

हृदय हा छातीच्या पिंजऱ्यात, मध्यभागी किंचित डावीकडे असलेला, साधारण मुठीएवढा स्नायुमय अवयव आहे. त्याचे चार कप्पे असतात. वरच्या दोन कप्प्यांना अलिंदे आणि खालच्या दोहोंना निलये म्हणतात. शरीरातील ऑक्सिजनविरहित रक्त उजव्या अलिंदात येते, तेथून उजव्या निलयात आणि पुढे फुप्फुसांत जाते. फुप्फुसांत शुद्ध झालेले रक्त डाव्या अलिंदात परत येते, डाव्या निलयात उतरते आणि महाधमनीवाटे सर्व शरीरभर पोहोचते. विश्रांतीच्या स्थितीत प्रौढ व्यक्तीचे हृदय मिनिटाला सुमारे ७२ वेळा आकुंचन पावते. प्रत्येक आकुंचनात सुमारे ७० मिलिलिटर, म्हणजे मिनिटाला जवळपास ५ लिटर रक्त बाहेर टाकले जाते.

रक्ताचा हा प्रवास एकाच दिशेने होत राहावा म्हणून हृदयात चार झडपा असतात. उजव्या अलिंद-निलयांमध्ये त्रिदल झडप, डाव्या अलिंद-निलयांमध्ये द्विदल झडप, फुप्फुस धमनीच्या मुखाशी फुप्फुसी झडप आणि महाधमनीच्या मुखाशी महाधमनी झडप असते. झडपांची पाळी पातळ आणि लवचिक असतात. ती स्वतःहून हलत नाहीत. दोन्ही बाजूंच्या रक्तदाबातील फरकाने ती उघडतात आणि मिटतात. द्विदल व त्रिदल झडपांची पाळी बारीक तंतूंनी निलयाच्या भिंतीतील स्नायूंना बांधलेली असतात. त्यामुळे निलय जोराने आकुंचन पावले तरी ती अलिंदाकडे उलटत नाहीत. वैद्य स्टेथोस्कोप लावून जो 'लब-डब' असा आवाज ऐकतात, तो या झडपा मिटतानाचा असतो. 'लब' हा द्विदल व त्रिदल झडपांचा आणि 'डब' हा महाधमनी व फुप्फुसी झडपांचा.

झडपा दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा उघडतात व मिटतात. डाव्या निलयातील दाब पाऱ्याच्या स्तंभाच्या सुमारे १२० मिलिमीटरपर्यंत चढतो, तर उजव्या निलयात तो साधारण २५ मिलिमीटर असतो. डाव्या बाजूच्या झडपांवर पडणारा ताण त्यामुळे कितीतरी अधिक असतो. संधिवाती विकारात प्रामुख्याने द्विदल झडप आणि त्या खालोखाल महाधमनी झडप बिघडते.

कारणे

या आजाराचे मूळ 'अ' गटातील स्ट्रेप्टोकॉकस या जिवाणूमुळे होणाऱ्या घशाच्या संसर्गात आहे. ५ ते १५ वर्षे वयाच्या मुलांत हा संसर्ग विशेष आढळतो. घसा दुखणे, गिळताना त्रास, ताप, गळ्याच्या गाठी सुजणे ही त्याची लक्षणे असून काही दिवसांत ती आपोआप शमतात. बहुतेक मुलांत प्रकरण तेथेच संपते. काही थोड्या मुलांत मात्र दोन ते तीन आठवड्यांनी संधिवाती ज्वर सुरू होतो.

या ज्वरात जिवाणू स्वतः हृदयावर हल्ला करीत नाहीत. या जिवाणूच्या आवरणावरील काही प्रथिनांची रचना मानवी हृदय, सांधे आणि मेंदूतील काही प्रथिनांशी मिळतीजुळती असते. जिवाणूविरुद्ध सज्ज झालेली शरीराची प्रतिकारयंत्रणा या साम्यामुळे फसते व स्वतःच्याच ऊतींवर उलटते. पुढे पुन्हा तसाच संसर्ग झाल्यास हा हल्लाही पुन्हा होतो आणि झडपांची हानी दरवेळी वाढत जाते. एका घरात अनेक माणसे, कोंदट खोल्या आणि गर्दीच्या शाळा या परिस्थितीत जिवाणूंचा प्रसार सहज होतो. म्हणून हा आजार गरिबीशी निगडित मानला जातो.

संधिवाती ज्वराची लक्षणे

अमेरिकन वैद्य टी. डकेट जोन्स यांनी १९४४ साली या ज्वराच्या निदानाचे निकष मांडले. कालांतराने सुधारणा होऊन ते आजही वापरले जातात. त्यांतील पाच प्रमुख लक्षणे पुढीलप्रमाणे आहेत.

१. हृदयदाह : हृदयाला सूज येऊन धडधड, धाप किंवा छातीत दुखणे. कधी कधी कोणतीही तक्रार नसते व केवळ तपासणीतच दोष कळतो.

२. फिरती सांधेसूज : गुडघा, घोटा, कोपर, मनगट असे मोठे सांधे एकामागून एक सुजतात. एक सांधा बरा होतो तोच दुसरा दुखू लागतो.

३. कोरिया : हातापायांच्या आणि चेहऱ्याच्या अनैच्छिक, झटकेदार हालचाली. अक्षर बिघडणे, हातातून वस्तू पडणे, विनाकारण रडू येणे अशा रूपात त्या प्रथम दिसतात. संसर्गानंतर काही महिन्यांनीही हे लक्षण उद्भवू शकते.

४. त्वचेवर कडा लालसर असलेली वलये.

५. हाडांच्या उंचवट्यांवर त्वचेखाली न दुखणाऱ्या लहान गाठी.

सांध्यांची सूज काही आठवड्यांत मागमूस न ठेवता ओसरते. हृदयावरील व्रण मात्र राहतात. सांधे बरे झाले म्हणजे मूल बरे झाले, असा पालकांचा समज होणे स्वाभाविक असते आणि नेमका त्याच टप्प्यावर उपचार खंडित होतो.

झडपांवरील परिणाम

दाहामुळे झडपेची पाळी जाड होतात, त्यांच्या कडा एकमेकींना चिकटतात आणि तंतू आखडून आखूड होतात. त्यातून दोन प्रकारचे दोष निर्माण होतात. झडप पूर्ण न मिटल्यास रक्त मागे गळते. झडप पूर्ण न उघडल्यास ती अरुंद होते. एकाच झडपेत दोन्ही दोषही असू शकतात.

निरोगी द्विदल झडपेचे उघडलेले मुख ४ ते ६ चौरस सेंटिमीटर असते. ते १.५ चौरस सेंटिमीटर किंवा त्याहून लहान झाल्यास आकुंचन तीव्र समजले जाते. अशा वेळी डाव्या अलिंदातील रक्त पुरेशा प्रमाणात खाली उतरत नाही. ते तुंबते, अलिंद फुगते आणि दाब मागे फुप्फुसांपर्यंत पोहोचतो. चालताना किंवा जिना चढताना धाप लागणे, रात्री आडवे झाल्यावर श्वास कोंडणे, खोकला, कधी थुंकीतून रक्त पडणे ही लक्षणे त्यातून येतात. ती दमा किंवा क्षयरोगासारखी भासत असल्याने निदान चुकण्याचा संभव असतो.

हृदयाचे ठोके वाढले की हा त्रास का वाढतो, हे समजून घेण्यासारखे आहे. मिनिटाला ७२ ठोके असताना प्रत्येक ठोक्याला सुमारे ०.८ सेकंद मिळतो. त्यापैकी सुमारे ०.५ सेकंद निलय भरण्यासाठी असतो. ठोके वेगाने पडू लागले की हा भरण्याचा अवधी सर्वांत अधिक घटतो. रुंद झडपेतून तेवढ्या वेळातही रक्त उतरते, अरुंद झडपेतून उतरत नाही. म्हणूनच श्रम, ताप किंवा गर्भारपण यांमुळे आतापर्यंत दडलेला विकार अचानक उघड होतो.

फुगलेल्या अलिंदाची लय पुढे बिघडते. ते नियमित आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरू लागते. तेथे रक्त साकळून गुठळी होते आणि ती मेंदूत गेल्यास पक्षाघात होतो. तिशी-चाळिशीतील व्यक्तीला पक्षाघात झाल्यास त्यामागे संधिवाती हृदयविकार असण्याची शक्यता तपासली जाते.

गर्भारपण

गर्भारपणात रक्ताचे प्रमाण ४० ते ५० टक्क्यांनी वाढते आणि ठोक्यांचा वेगही वाढतो. अरुंद द्विदल झडप असलेल्या स्त्रीस हा भार पेलत नाही व फुप्फुसांत पाणी साचू शकते. प्रसूतीच्या वेळी आणि त्यानंतरच्या काही तासांत धोका विशेष असतो. अनेक स्त्रियांना आपल्या हृदयात दोष असल्याचे प्रथम गर्भारपणातच कळते. आधी निदान झालेले असल्यास झडपेवर अगोदरच उपचार करून सुरक्षित बाळंतपण घडवून आणता येते.

निदान

स्टेथोस्कोपने ऐकू येणारा जादा आवाज, म्हणजे मर्मर, हा पहिला संकेत असतो. छातीचे क्ष-किरण चित्र आणि ईसीजी यांतून हृदयाचा आकार व लय कळते. निर्णायक तपासणी मात्र 'टूडी इको' ही होय. ध्वनिलहरींच्या साहाय्याने झडपांची हालचाल, मुखाचे क्षेत्रफळ आणि गळतीचे प्रमाण तीत पडद्यावर दिसते. तीत सुई टोचावी लागत नाही वा किरणोत्सर्गही नसतो. कोणतीही तक्रार नसलेल्या शाळकरी मुलांतील सुप्त विकार या तपासणीने सापडतो.

उपचार

औषधे : झालेली इजा औषधांनी भरून निघत नाही. परंतु पुढील इजा थांबवता येते आणि त्रास कमी करता येतो. मूत्रल औषधांनी फुप्फुसांतील पाणी उतरते. ठोक्यांचा वेग कमी करणाऱ्या औषधांनी निलय भरण्यास अवधी मिळतो. अलिंदाची लय बिघडलेली असल्यास रक्त साकळू नये म्हणून वॉरफरिन किंवा ॲसिनोकूमारॉल ही औषधे देतात. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इन्व्हिक्टस या चाचणीत, द्विदल झडप अरुंद असलेल्या अशा रुग्णांना नव्या रिव्हारॉक्झाबॅनपेक्षा हीच जुनी औषधे अधिक हितकर ठरली.

फुग्याने झडप उघडणे : मांडीतील शिरेतून एक बारीक नलिका उजव्या अलिंदात नेतात. दोन अलिंदांमधील पडदा भेदून ती डाव्या बाजूस येते व द्विदल झडपेत पोहोचते. तेथे नलिकेच्या टोकावरील फुगा फुगवला की चिकटलेल्या कडा सुटतात. जपानी शल्यचिकित्सक कांजी इनोवे यांनी १९८०च्या दशकात ही पद्धत रूढ केली. छाती उघडावी लागत नसल्याने रुग्ण लवकर घरी जातो. अलिंदात गुठळी असल्यास किंवा झडप जास्त गळत असल्यास मात्र ही पद्धत वापरत नाहीत.

शस्त्रक्रिया : शक्य असेल तेथे झडपेची दुरुस्ती केली जाते, अन्यथा ती बदलावी लागते. कृत्रिम झडपा दोन प्रकारच्या असतात. धातू व कार्बनच्या यांत्रिक झडपा दीर्घकाळ टिकतात, पण रक्त पातळ ठेवणारे औषध जन्मभर घ्यावे लागते आणि आयएनआर ही रक्ततपासणी वारंवार करावी लागते. प्राण्यांच्या ऊतींपासून बनवलेल्या जैविक झडपांना असे औषध सहसा कायम लागत नाही, परंतु तरुण रुग्णांत त्या लवकर झिजतात. वॉरफरिन गर्भाला अपायकारक ठरू शकते, त्यामुळे तरुण स्त्रियांच्या बाबतीत ही निवड अवघड असते.

प्रतिबंध

प्रतिबंधाच्या दोन पायऱ्या आहेत. पहिली, घशाच्या स्ट्रेप्टोकॉकल संसर्गावर पेनिसिलिनचा उपचार. लक्षणे सुरू झाल्यापासून ९ दिवसांच्या आत तो झाल्यास संधिवाती ज्वर टळू शकतो. दुसरी, एकदा ज्वर येऊन गेलेल्यांना दर ३ ते ४ आठवड्यांनी बेन्झाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन. प्रौढांसाठी त्याची मात्रा १२ लाख युनिट असते. हृदयावर परिणाम झाला नसेल तर किमान ५ वर्षे, आणि झडपांत दोष राहिला असेल तर किमान १० वर्षे किंवा वयाच्या चाळिशीपर्यंत, कधी जन्मभर, ते घ्यावे लागते.

युगांडामध्ये सुप्त विकार असलेल्या ८१८ मुलांवर दोन वर्षे चाचणी घेण्यात आली. इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी ०.८ टक्के मुलांचा विकार वाढला, तर न घेणाऱ्यांत हे प्रमाण ८.२ टक्के होते.

हे इंजेक्शन दुखते, आणि मूल वरकरणी निरोगी दिसत असल्याने ते चुकवले जाते. पेनिसिलिनच्या तीव्र ॲलर्जीची भीती हेही टाळाटाळीचे एक कारण आहे. अशी ॲलर्जी विरळ असते. ती ज्ञात असल्यास एरिथ्रोमायसिनसारखे दुसरे प्रतिजैविक देतात. झडपांचा दोष अतितीव्र असलेल्या रुग्णांना इंजेक्शनऐवजी गोळ्या देण्याचा विचार केला जातो. सदोष झडपांवर जंतू वाढण्याचा धोका असल्याने दातांची निगाही महत्त्वाची ठरते.

इतिहास

कोरियाचे वर्णन इंग्रज वैद्य टॉमस सिडनहॅम यांनी १६८६ साली केले. फ्रेंच वैद्य झाँ-बाप्तिस्त बुइयो यांनी १८३६ मध्ये सांधेसूज व हृदयदाह यांचा संबंध स्पष्ट केला. अरुंद द्विदल झडप शस्त्रक्रियेने उघडण्याचा पहिला यशस्वी प्रयत्न इलियट कटलर यांनी १९२३ साली बॉस्टन येथे केला. १९२५ मध्ये लंडनचे हेन्री सूटर यांनी धडधडत्या हृदयात बोट घालून झडप सैल केली. तथापि ही शस्त्रक्रिया १९४८ नंतरच रूढ झाली. जॉन गिबन यांनी १९५३ मध्ये हृदय-फुप्फुस यंत्राचा यशस्वी वापर केल्यावर हृदय थांबवून शस्त्रक्रिया करणे शक्य झाले. १९६० साली अल्बर्ट स्टार यांनी अभियंते लोवेल एडवर्ड्स यांच्या साहाय्याने बनवलेली यांत्रिक द्विदल झडप बसवली.

औद्योगिक देशांत या आजाराचे प्रमाण पेनिसिलिनच्या आगमनापूर्वीच घटू लागले होते. राहणीमान सुधारल्याने व घरातील दाटी कमी झाल्याने ते घडले, असे मानले जाते.

भारतातील स्थिती

परदेशी झडपांची किंमत सर्वसामान्य रुग्णांना परवडत नसल्याने तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली स्वदेशी झडप तयार करण्यात आली. अनेक वर्षांच्या अपयशी प्रयोगांनंतर १९९० साली ती प्रथम रुग्णास बसवण्यात आली. 'चित्रा झडप' या नावाने ती देशभर वापरली जाते.

२०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी व शाळांतील मुलांची तपासणी होते. तपासायच्या आजारांच्या यादीत संधिवाती हृदयविकाराचा समावेश आहे. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून पात्र रुग्णांच्या हृदयशस्त्रक्रियांचा खर्च केला जातो. मे २०१८ मध्ये जागतिक आरोग्य सभेने या आजाराच्या प्रतिबंधासाठी ठराव संमत केला. असे असले तरी घसादुखीवर औषध न घेतलेले, इंजेक्शने मध्येच सोडलेले आणि धाप लागल्यावरच रुग्णालयात आलेले तरुण रुग्ण आजही मोठ्या संख्येने आढळतात. शस्त्रक्रिया महाग व गुंतागुंतीची आहे, तर पेनिसिलिन हे स्वस्त व जुने औषध आहे. त्यामुळे या आजारावरील नियंत्रण मुख्यतः प्राथमिक आरोग्य केंद्रे, शाळा आणि कुटुंबे यांच्या जागरूकतेवर अवलंबून राहते.