परांचीचा स्वस्त दर

पावसाळा ओसरला की मुंबई-पुण्यातील इमारतींभोवती बांबूच्या परांच्या उभ्या राहू लागतात. काथ्याने बांधलेल्या त्या सांगाड्यावर रंगारी आणि गवंडी दिवस काढतात. हे दृश्य इतके अंगवळणी पडले आहे की, माणसाला उंचीवर नेण्याचे दुसरे साधन असू शकते, हा मुद्दाच गृहनिर्माण संस्थांच्या सभेत सहसा निघत नाही.

वस्तुतः साधने अनेक आहेत. कात्रीसारख्या तिरप्या पोलादी पट्ट्यांच्या जोरावर सरळ वर चढणारा मंच, म्हणजे सिझर लिफ्ट, गोदामात किंवा कारखान्यात उत्तम; मात्र तिला सपाट व टणक जमीन लागते. बूम लिफ्टच्या लांब बाहूच्या टोकाशी पाळणा असतो. सांध्यात वाकणारा बाहू अडथळा ओलांडून पलीकडे पोचतो, तर दुर्बिणीप्रमाणे सरकणारा दूरवर जातो. इंग्रजीतील ‘चेरी पिकर’ हे तिचे लाडके नाव फळबागेतून आलेले. रस्त्यावरील दिवे दुरुस्त करणारी नगरपालिकेची गाडी तिच्याच कुळातली. उत्तुंग इमारतींसाठी गच्चीवरून पोलादी दोरांनी टांगलेला, विजेवर चालणारा पाळणा असतो. त्यातील कामगाराचा सुरक्षापट्टा स्वतंत्र दोराला बांधायचा असतो, कारण पाळण्याचाच दोर तुटला तर त्याला बांधलेला पट्टा काय कामाचा?

यंत्र आले म्हणजे धोका संपला, हा समजही भाबडाच. बूम लिफ्टचे चाक खड्ड्यात गेले, तर खालचा लहानसा हिसका वर पाळण्यात अनेक पटींनी जाणवतो आणि माणूस बाहेर फेकला जातो. विजेच्या तारा आणि वारा हेही शत्रूच. शिवाय गिरगावातील अरुंद गल्लीत असे यंत्र शिरणार कोठून? तेथे बांबूच हवा. पण भक्कम फळ्या व कठडे असलेला.

आपल्याकडे मजुरी स्वस्त, म्हणून यंत्र परवडत नाही, असे सांगितले जाते. हे अर्धसत्य आहे. निविदेत दर चौरस फुटावर मागविला जातो आणि ‘परांचीसह’ या एका शब्दात साऱ्या जोखमीची बोळवण होते. जो कंत्राटदार चांगल्या साधनाचा खर्च धरतो, त्याचा दर चढा ठरून काम दुसऱ्याकडे जाते. बांबू स्वस्त दिसतो, कारण पडण्याची किंमत त्या दरात नसते. ती दूरच्या गावातील एखादे कुटुंब फेडते.

कायदा नाही असे नाही. बांधकाम कामगारांसाठी 1996 साली कायदा झाला; बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकरही बसला. परंतु तो लागू होण्यास किमान दहा कामगार लागत, आणि 2020 च्या संहितेनेही हीच मर्यादा राखली. सहा रंगारी घेऊन येणारा मुकादम त्यातून अलगद निसटतो. उपकराचा पैसा मोठ्या प्रमाणावर पडून राहतो, याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली तीव्र नापसंती व्यक्त केली होती, ती वेगळीच.

एवढ्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. निविदेत उंचीवर पोचण्याच्या साधनाची रक्कम स्वतंत्र रकान्यात मागवावी आणि तिच्यावर घासाघीस करू नये. यंत्र विकत घ्यावे लागत नाही, भाड्याने मिळते. एकाच रस्त्यावरील चार संस्थांनी कामे लागोपाठ काढली, तर ने-आणीचा खर्च चौघांत वाटला जातो.