थेंबाच्या तिसऱ्या हिश्शातली तीन हजार किलोमीटरची रांग

रक्तातल्या पेशी बाजूला काढल्या की पिवळसर प्लाझ्मा उरतो. त्याच्या एका मिलिलिटरमध्ये, ढोबळ अंदाजाने, 1,000 कोटी पुटिका तरंगत असतात. पुटिका म्हणजे पेशींनी बाहेर सोडलेल्या मेदाच्या इवल्याशा पिशव्या. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण तीन लिटर प्लाझ्मा. म्हणजे हिशेब 30 लाख कोटींवर जातो. आपल्या शरीरातल्या पेशीही जवळपास तेवढ्याच!

एका पुटिकेचा व्यास 100 नॅनोमीटर धरू. एका लाल रक्तपेशीच्या आकारमानात अशा दीड लाखाहून जास्त मावतील. सगळ्या एकामागे एक लावल्या तर रांग 3,000 किलोमीटरची, जवळजवळ काश्मीर ते कन्याकुमारी. आणि एकत्र ओतल्या तर? पाण्याच्या एका थेंबाचा जेमतेम तिसरा हिस्सा.

एवढ्याशा पिशवीत असतं काय? नुसत्या आवरणातच सुमारे 80 हजार मेदरेणू. शिवाय प्रथिनं आणि आरएनए. 1983 मध्ये मॉन्ट्रियलच्या रोझ जॉनस्टोन यांना मेंढीच्या अपक्व लाल पेशी नको झालेली प्रथिनं अशा पिशव्यांतून बाहेर टाकताना दिसल्या. म्हणजे हा कचरा, असंच बराच काळ वाटत राहिलं. मग 2007 मध्ये स्वीडनच्या गोथेनबर्गमधल्या संशोधकांना उंदराच्या पेशींच्या पुटिकांत सुमारे 1,300 जनुकांचे आरएनए-संदेश सापडले. त्या पुटिका माणसाच्या पेशींना दिल्यावर तिथे उंदराची प्रथिनं तयार झाली. कचऱ्याची गाडी एकदम टपालगाडी ठरली!

पण 2014 मध्ये कुणीतरी पाकिटं मोजायला बसलं. मायक्रोआरएनए हा जेमतेम 22 अक्षरांचा संदेश. त्यातल्या सर्वांत मुबलक संदेशाचीही एक प्रत सापडायला सरासरी शंभराहून जास्त पुटिका तपासाव्या लागतील, असा हिशेब निघाला. पिशव्या लाखो कोटी, पण हवी ती चिठ्ठी बहुतेकींत नाहीच.

आता सौंदर्योपचारांच्या बाटल्यांवर ‘अब्जावधी एक्सोसोम’ असं मिरवलं जातं. एक्सोसोम म्हणजे यातल्याच लहान पुटिका. एकाही एक्सोसोम-उत्पादनाला आपली मान्यता नाही, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर 2019 मध्ये जाहीर बजावलं होतं. तशी बाटली हाती आलीच तर शून्यं मोजून हरखू नका. आत काय भरलंय ते विचारा. एक अब्ज पुटिका म्हणजे तुमच्याच प्लाझ्माचे दोन थेंब.